फॅन बॉक्स: तोंड सारखे, पोट वेगळे

छताच्या पंख्यासाठी डबा, म्हणजे छतात बसणारा आणि तारांचे जोड सामावणारा फॅन बॉक्स, घ्यायला गेलेला माणूस बहुधा एकच माप विचारतो, ते म्हणजे डब्याचा व्यास. पंख्याच्या दांडीवरची झाकणासारखी वाटी डब्याचे तोंड झाकेल की नाही, एवढीच त्याची चिंता असते आणि ती मिटली की तो हाताला लागेल तो डबा उचलतो. वास्तविक नेहमीच्या अष्टकोनी डब्यांचे तोंड साधारण १०० मिमीचेच असते आणि पंख्याची वाटी ते सहज झाकते. निवड चुकते ती डब्याच्या खोलीत आणि भार पेलण्याच्या क्षमतेत, आणि या दोन्ही गोष्टी समोरून पाहिल्यास दिसत नाहीत.

या परीक्षणासाठी मी पाच प्रकारचे डबे विचारात घेतले आहेत: ३८ मिमी खोलीचा साधा अष्टकोनी पत्र्याचा डबा, त्याच तोंडाचा पण ५४ मिमी खोल असलेला डबा, तुळईखाली थेट स्क्रूने बसणारा जेमतेम १३ मिमी उंचीचा चपटा डबा, दोन तुळयांच्या मध्ये ताणून बसवलेल्या आडव्या नळीवरचा डबा आणि काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ओतून टाकायचा हुकाचा षट्कोनी डबा. हे पाचही एकमेकांना पर्याय नाहीत. छत काँक्रीटचे आहे की लाकडी, यावरच अर्धी निवड आधी ठरून जाते, आणि म्हणून कोणत्याही एका डब्याला पहिला क्रमांक देण्यापेक्षा कोणता डबा कुठे अपुरा पडतो हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रथम भाराविषयी. दिव्यासाठी बनवलेला डबा आणि पंख्यासाठी बनवलेला डबा दिसायला इतके सारखे असतात की, शेजारी ठेवले तरी फरक पटकन लक्षात येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार छतावरील दिव्याच्या डब्याने ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो वजन पेलले पाहिजे. पंख्याचे वजन बहुधा पाच-सहा किलोच्या आसपास असते. साहजिकच कोणालाही वाटेल की, २३ किलो पेलणाऱ्या डब्याला हा पंखा म्हणजे किरकोळ ओझे. तरीही तीच संहिता केवळ डब्याच्याच आधारावर लटकणाऱ्या पंख्यासाठी स्वतंत्रपणे तपासलेला आणि तशी खूण असलेला डबा मागते, पंख्याच्या वजनाची कमाल मर्यादा ७० पौंड म्हणजे सुमारे ३२ किलो ठेवते, आणि डबा ३५ पौंडांहून, म्हणजे सुमारे १६ किलोंहून अधिक भारासाठी असेल तर त्याची कमाल मर्यादा डब्यावर लिहिण्याची सक्ती करते.

या वेगळ्या वागणुकीचे कारण वजनात नसून हालचालीत आहे. दिवा एकदा टांगला की डब्याला एकाच दिशेने, एकसारखे खाली खेचत राहतो. पंख्याचे तसे नसते. १,२०० मिमीच्या पंख्याच्या एखाद्या पात्याच्या टोकाशी, म्हणजे मध्यापासून ६० सेंटिमीटरवर, केवळ २० ग्रॅमचा असमतोल आहे असे समजू. मिनिटाला ३५० फेऱ्यांच्या गतीने तो असमतोल सुमारे १६ न्यूटनचा, म्हणजे दीड किलोहून थोडा अधिक, आडवा ओढा निर्माण करतो. आकडा लहान वाटतो. पण हा ओढा सेकंदाला जवळजवळ सहा वेळा आपली दिशा पूर्ण फिरवतो, तासाला २१,००० वेळा. पत्र्याचे भोक, स्क्रूचा आटा आणि डबा तुळईला धरून ठेवणारे खिळे यांना हा सततचा हिसका सहन करावा लागतो. शिवाय पंखा सुरू होताना किंवा वेग बदलताना मोटर स्वतःच्या दांडीला उलट्या दिशेने पीळ देते, तो वेगळाच. दिव्याच्या डब्यातील स्क्रू कालांतराने सैल का होतात आणि पंखा खडखड का करू लागतो, याचे उत्तर बहुतेक वेळा पात्यांत शोधले जाते, पण ते डब्यात असते.

हा फरक हातात घेऊन पाहायचा असेल तर डब्याच्या दोन कानांमधील स्क्रू पाहावेत. अमेरिकी मापांच्या साध्या अष्टकोनी डब्यांना ८ क्रमांकाचे स्क्रू लागतात, ज्यांचा व्यास सुमारे ४.२ मिमी असतो. पंख्याच्या डब्यांसोबत बहुधा १० क्रमांकाचे, म्हणजे सुमारे ४.८ मिमी व्यासाचे स्क्रू येतात. साध्या डब्याचा कान म्हणजे आत दुमडलेली पातळ पट्टी असते आणि आटे पाडायला तेवढीच पत्र्याची जाडी मिळते. पंख्याच्या चांगल्या डब्यात मात्र स्क्रू कानापुरता न थांबता डब्याच्या पाठीला असलेल्या जाड पट्टीपर्यंत पोहोचतो. डबा घेताना मी तो उलटा करून आधी हीच पट्टी पाहतो. ती नसेल आणि आत पंख्यासाठी ग्राह्य असल्याची खूणही नसेल, तर तो डबा दिव्याचाच समजावा, विक्रेता काहीही म्हणो.

आता खोलीकडे येऊ, कारण खरा घोळ इथेच होतो. डबा पुरेसा मोठा आहे का, हे ठरवण्याचा सगळ्यात सुटसुटीत हिशेब त्याच संहितेत आहे. १४ गेजच्या, म्हणजे सुमारे २.१ चौरस मिमीच्या, प्रत्येक तारेसाठी २ घन इंच, म्हणजे सुमारे ३३ घन सेंटिमीटर जागा धरायची. १२ गेजच्या, सुमारे ३.३ चौरस मिमीच्या तारेसाठी २.२५ घन इंच, म्हणजे सुमारे ३७ घन सेंटिमीटर. अर्थिंगच्या तारा चारपर्यंत असतील तर त्या सगळ्या मिळून एकच तार मोजायची. केबल पकडणारे चिमटे डब्याच्या आत असतील तर ते कितीही असोत, त्यांचीही मिळून एक तार धरायची. पंख्याच्या वाटीतून उतरणाऱ्या त्याच्या स्वतःच्या बारीक तारा चारपर्यंत असल्या तर मोजल्या नाहीत तरी चालतात. तारा १.५ चौरस मिमीच्या असतील तर पहिला आकडा आणि २.५ च्या असतील तर दुसरा आकडा धरला की हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. मी स्वतः तसेच करतो.

हा हिशेब दोन परिस्थितींत करून पाहावा. पहिली अगदी साधी: भिंतीवरच्या बटणापासून डब्यात एकच केबल येते, तिच्यात पंख्याची फेज, दिव्याची फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा चार तारा आहेत, आणि डब्यात चिमटे आहेत. एकूण मोजणी पाच, म्हणजे जाड तारेच्या हिशेबानेही १८५ घन सेंटिमीटर. ३८ मिमी खोलीच्या अष्टकोनी डब्याची क्षमता १५.५ घन इंच, म्हणजे सुमारे २५४ घन सेंटिमीटर असते. काम भागते.

दुसरी परिस्थिती अशी की, वीजपुरवठा आधी छतातल्या डब्यात येतो, तिथून पुढच्या खोलीत जातो आणि एक केबल बटणाकडे उतरून पंखा व दिवा यांच्या दोन वेगळ्या फेज घेऊन परत येते. येणाऱ्या दोन तारा, जाणाऱ्या दोन आणि बटणाच्या तीन, अशा सात. अर्थिंगची एक आणि चिमट्यांची एक मिळून नऊ. बारीक तारेने २९७ आणि जाड तारेने ३३३ घन सेंटिमीटर. म्हणजे ३८ मिमीचा डबा दोन्ही बाबतींत नापास होतो. ५४ मिमी खोल डब्याची क्षमता २१.५ घन इंच, म्हणजे सुमारे ३५२ घन सेंटिमीटर असते. तो दोन्हींत उत्तीर्ण होतो, जाड तारांच्या बाबतीत जेमतेम. दोन्ही डब्यांचे तोंड तेच, वाटी तीच, फरक केवळ १६ मिमी खोलीचा. एवढ्याशा खोलीने क्षमता शंभर घन सेंटिमीटरने वाढते, हे डबा नुसता पाहून कोणाच्या ध्यानात येणार नाही.

आता कोणी म्हणेल की, हिशेबात बसत नसलेल्या तारासुद्धा दाबून दाबून बसवता येतात. बसतात, हे खरे आहे, आणि दुखणे नेमके तेच आहे. डब्यातून किमान १५० मिमी मोकळी तार ठेवावी लागते, नाहीतर जोड करताना हात चालत नाही. या सगळ्या तारा जोड झाल्यावर घडी घालून पुन्हा आत ढकलाव्या लागतात. जोडावरच्या टोप्या संहितेच्या हिशेबात धरल्या जात नाहीत, प्रत्यक्षात मात्र त्या भरपूर जागा खातात. गच्च भरलेल्या डब्यात तारेचे आवरण पत्र्याच्या कडेशी घासते, जोड ताणला जातो आणि सैल जोडात निर्माण होणारी उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. त्यात पंख्याची थरथर मिळाली की, एरवी कित्येक वर्षे टिकला असता असा जोडसुद्धा सैल होऊ लागतो. रिमोटवर चालणाऱ्या काही पंख्यांचा स्वतंत्र रिसीव्हर वाटीतच, लटकवण्याच्या पट्टीच्या पोकळीत सरकवायचा असतो. डब्यातून खाली आलेल्या तारांचा गठ्ठा त्या पोकळीत घुसलेला असेल तर रिसीव्हर बसत नाही आणि वाटी छताला टेकत नाही. अशा पंख्यासाठी हिशेबाने ३८ मिमी पुरत असले तरी मी ५४ मिमीचाच डबा सुचवीन.

चपट्या डब्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्याची क्षमता अवघी ६ घन इंच, म्हणजे सुमारे ९८ घन सेंटिमीटर असते. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन बारीक तारा आल्या की तो काठोकाठ भरतो. चिमटा आत असेल किंवा दिव्याची वेगळी फेज असेल तर हिशेब मोडतो. त्याची जमेची बाजू म्हणजे तो थेट तुळईला भिडतो आणि जाड लाकडी स्क्रूंनी पकडला गेल्यामुळे मजबुतीत उणा नसतो. दिवा नसलेला पंखा, एकच केबल आणि बरोबर मधोमध आलेली तुळई, एवढे सगळे जुळले तरच तो घ्यावा. बाकी ठिकाणी तो बसवणे सोपे असल्यामुळे बसवला जातो, आणि सोपेपणा हे डबा निवडण्याचे कारण होऊ शकत नाही.

लाकडी तुळयांच्या छतात पंख्याची जागा दोन तुळयांच्या मध्ये येत असेल आणि वरून हात पोहोचत नसेल, तर ताणून बसणाऱ्या नळीचा डबा मला सर्वांत समाधानकारक वाटतो. ही नळी साधारण ४०० ते ६०० मिमी अंतरावरच्या तुळयांसाठी बनवलेली असते. जुना डबा काढल्यावर राहिलेल्या भोकातून ती आत सरकवायची, पाय तुळयांच्या मध्ये छताच्या पाट्यावर टेकवायचे आणि नळी हाताने फिरवत नेली की टोकांचे दात दोन्ही तुळयांना भिडतात. त्यानंतर पान्याने आणखी एक-दोन फेरे दिले की दात लाकडात रुततात. हे शेवटचे फेरे महत्त्वाचे आहेत, कारण हाताने घट्ट वाटलेली नळी पान्याखाली बरीच फिरते. नळी चौकोनी असेल तर शेवटी तिची सपाट बाजू खाली येईल असे पाहावे, म्हणजे तिच्यावर बसणारे खोगीर आणि यू आकाराचा बोल्ट नीट टेकतात. ती तिरकी राहिली तर डबाही तिरका लटकतो आणि वाटीची एक कड छतापासून सुटलेली दिसते. या प्रकारात डबा वेगळा निवडता येत असेल तर ५४ मिमीचाच घ्यावा. काही संचांत नळी उत्तम आणि डबा मात्र ३८ मिमीचा देऊन मोकळे होतात, ही त्या संचांबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे.

काँक्रीटच्या छतात सगळाच विचार बदलतो. तिथे पंखा डब्याला लटकत नाही. तो डब्यातून आरपार जाणाऱ्या लोखंडी सळईला लटकतो, आणि सळईची दोन्ही टोके स्लॅबच्या गजांवर टाकून बाइंडिंग वायरने बांधलेली असतात. डब्याचे काम तारांना जागा देणे, काँक्रीट आत येऊ न देणे आणि सळईभोवती पोकळी राखणे, एवढेच असते. म्हणून या डब्याचा पत्रा पातळ असला तरी मी नाक मुरडणार नाही, पण सळई पातळ असेल, किंवा तिची टोके आखूड असून गजांवर पोहोचत नसतील, तर तो डबा कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही. टोके गजांच्या वर न जाता नुसत्या काँक्रीटमध्ये सोडली, तर पंख्याचा सगळा भार काँक्रीटच्या चिकटपणावर राहतो.

या डब्याची खोली निवडताना तारांचा हिशेब दुय्यम ठरतो आणि हाताचा हिशेब पुढे येतो. पंख्याच्या दांडीच्या टोकाला यू आकाराचा शॅकल असतो. त्याच्या दोन भुजा सळईच्या दोन बाजूंनी वर न्यायच्या, सळईच्या वर रबरी रीळ ठेवायचे, रिळातून बोल्ट आरपार घालायचा, नट आवळायचा आणि शेवटी स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवायचे. हे सगळे शिडीवर उभे राहून, डोक्याच्या वर, एका हाताने पंख्याचे वजन तोलत करायचे असते. म्हणजे सळई आणि डब्याची पाठ यांच्यामध्ये रीळ शिरेल एवढी जागा हवी, आणि बोल्ट आडवा सरकवायला बाजूनेही मोकळीक हवी. उथळ डब्यात सळई पाठीला इतकी चिकटलेली असते की रीळ शिरत नाही, आणि मग वायरमन रीळ वगळून बोल्ट थेट सळईवर टेकवतो. रबर गेले की लोखंडावर लोखंड घासते आणि पंख्याचा आवाज स्लॅबमधून शेजारच्या खोलीपर्यंत जातो. स्प्लिट पिन दिसत नसल्यामुळे ती घातली की नाही, हेही कळायला मार्ग राहत नाही. दुकानात डबा घेतानाच पंख्याचा शॅकल किंवा त्याच मापाचा एखादा तुकडा सळईवर चढवून पाहिला, तर हा सगळा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

तर मग सर्वांत खोल डबाच घ्यावा का? इथे स्लॅब आडवा येतो. स्लॅब १२५ मिमीचा असेल आणि डबा १०० मिमी खोल असेल, तर डब्याच्या वर फक्त २५ मिमी काँक्रीट उरते. ७५ मिमीच्या डब्यावर ५० मिमी उरते. वरच्या थरात गज किंवा पाइप जात असतील तर २५ मिमीत ते मावत नाहीत आणि त्या जागी स्लॅब कमकुवत होतो, गच्चीखाली असेल तर ओलही तिथूनच झिरपू शकते. त्यामुळे माझी पसंती ७५ मिमीच्या आसपासच्या खोलीला आहे, अर्थात सळई डब्याच्या मध्यावर असेल आणि तिच्या वर रिळापुरती जागा राहत असेल तर. याहून खोल डबा घालायचा झाला तर तो स्लॅबच्या आराखड्याप्रमाणे अभियंत्याने मान्य केलेला असावा. शटरिंगवर उभे राहून घ्यायचा हा निर्णय नव्हे.

ओतकामाच्या वेळची एक बाब डब्याच्या दर्जाइतकीच निर्णायक असते. डबा शटरिंगच्या फळीवर पालथा बसतो, आणि त्याची कड फळीला चपखल टेकली नसेल तर सिमेंटचे पाणी आत शिरून सळईभोवतीची पोकळी भरून टाकते. नंतर छिन्नीने ते फोडताना डब्याचा पत्रा फाटतो आणि पाइपांची तोंडे चेपतात. झाकणासकट येणारा आणि खिळ्यांनी फळीला ठोकता येणारा डबा म्हणूनच थोडा वरचढ ठरतो. तसा नसेल तर तो कागदाने किंवा थर्मोकोलने गच्च भरून घ्यावा. पाइपांसाठी किती भोके आहेत आणि ती २० मिमीची आहेत की २५ मिमीची, हे आधी पाहावे, कारण पत्रा ऐनवेळी पक्कडीने वाकवून मोठ्या केलेल्या भोकातूनच काँक्रीट सर्वाधिक आत येते.

फॉल्स सीलिंगमध्ये डब्याचा आकार निवडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी की, जिप्समचा पाटा किंवा त्याची पत्र्याची चौकट पंखा पेलण्यासाठी नसते. पंखा वरच्या स्लॅबच्या हुकालाच, लांब दांडीने, टांगायचा आणि खालच्या पाट्यात केवळ दांडी जाण्यापुरते भोक ठेवायचे. तारांचे जोड मात्र वरच्या डब्यातच राहिले पाहिजेत. ते दोन छतांच्या मधल्या पोकळीत उघडे सोडून देण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तिचे समर्थन करता येत नाही.

प्लास्टिकचा डबा की पत्र्याचा, या वादात मला विशेष रस नाही. प्लास्टिकचे डबे गंजत नाहीत, त्यांच्यावर क्षमता बहुधा आतच कोरलेली असते आणि पंख्याची खूण असलेले प्लास्टिकचे डबेही मिळतात. अट एवढीच की, पंख्याचे स्क्रू प्लास्टिकमध्ये पाडलेल्या आट्यांत न बसता धातूच्या पट्टीत बसले पाहिजेत. पत्र्याच्या डब्याला अर्थिंगची तार स्क्रूने जोडणे अनिवार्य आहे. तो स्क्रू देऊ केलेला नसेल तर डबा अपुरा समजावा.

राहिला प्रश्न छतात आधीच बसलेल्या डब्याचा. पुरवठा मुख्य स्विचपासून बंद करून, तारांत वीज नसल्याची टेस्टरने खात्री करून घेतली आणि वाटी खाली सरकवली की, डब्याच्या आतली खूण, स्क्रूंची जाडी आणि तारांची संख्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तपासता येतात. तारा जास्त निघाल्या तर काही वायरमन डब्याच्या तोंडावर वाढीव रिंग चढवून जागा वाढवतात. दिव्यासाठी हा उपाय चालतो आणि तारांचा हिशेबही जुळतो. पण रिंगवर पंख्याच्या आधाराची खूण नसेल तर त्या रिंगवर पंखा टांगता येत नाही, कारण मग सगळे हिसके दोन बारीक स्क्रूंनी धरलेल्या एका पातळ कड्यावर येतात. तिथे डबा काढून अधिक खोल डबाच बसवावा लागतो, मग त्यासाठी छताचे भोक थोडे मोठे करावे लागले तरी हरकत नाही. वाटीच्या आड ते झाकले जाते.